मोनॅडनॉकचा उघडा माथा : पानगळीतले तीन दिवस

पहिला दिवस

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभ्या असलेल्या मोनॅडनॉक या डोंगराची उंची ३,१६५ फूट, म्हणजे ९६५ मीटर आहे. डोंगर चढण्याची सवय असलेल्या कोणालाही हा आकडा मोठा वाटणार नाही. तरीही ताईने आणि मी ऑक्टोबरमधल्या तीन दिवसांसाठी हाच डोंगर निवडला, कारण त्याच्या भोवतालच्या तीस मैलांत त्याच्या खांद्याला लागेल असा दुसरा डोंगर नाही आणि त्याच्या माथ्यावर एकही मोठे झाड नाही. उंची बेताची, पण एकटेपणा आणि उघडेपणा पुरेपूर, असे हे ठिकाण आहे. ताई भूशास्त्र शिकवते, आणि या डोंगराला एकदा तरी हात लावायचा, असे ती कित्येक वर्षे म्हणत होती. सभोवतालचा प्रदेश झिजून सपाट झाल्यावरही टणक खडकामुळे उरलेल्या एकाकी डोंगराला भूशास्त्रात ‘मोनॅडनॉक’ असेच म्हणतात. विल्यम मॉरिस डेव्हिस या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही संज्ञा रूढ केली. एका डोंगराचे नाव त्याच्यासारख्या जगभरच्या सगळ्या डोंगरांचे सामान्यनाम व्हावे, हा मान फार थोड्या डोंगरांना मिळाला आहे. मूळ शब्द अबेनाकी या तिथल्या आदिवासी लोकांच्या भाषेतून आला असून, एकटा उभा असलेला डोंगर अशा आशयाचा त्याचा अर्थ सांगितला जातो.

दुपारी उशिरा आम्ही जॅफ्रीला पोहोचलो. गावाच्या जुन्या भागात १७७५ साली उभारलेले पांढऱ्या लाकडाचे सभागृह आहे, आणि त्याच्या मागच्या बाजूला उभे राहिले की वायव्येला साडेपाच-सहा किलोमीटरवर डोंगर दिसतो. आम्ही तिथे जवळजवळ तासभर थांबलो. सूर्य डोंगराच्या डावीकडे बराच कलला होता आणि तिरप्या उन्हात उतारावरचे रंगांचे पट्टे वेगवेगळे उठून दिसत होते. तळाशी शुगर मेपलचा नारिंगी आणि तांबडा, त्यात मिसळलेला बर्चचा पिवळा, त्याच्या वर रेड स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचा काळसर हिरवा, आणि सगळ्यात वर खडकाचा राखाडी. ताईने वहीत शिसपेन्सिलने डोंगराची बाह्यरेषा काढली आणि हिरवा पट्टा जिथे संपतो तिथे एक तुटक रेघ ओढली. उद्या या रेघेपाशी पोहोचल्यावर थांबायचे, एवढेच ती म्हणाली.

या भागात ऑक्टोबरच्या मध्यावर संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी सातच्या आगेमागे उगवतो. हाताशी जेमतेम अकरा तासांचा उजेड असतो, आणि पानगळीच्या डोंगरयात्रेत हे गणित विसरून चालत नाही. रात्री पिशव्या भरताना आम्ही दोन विजेऱ्या, वाऱ्याला आडवे येणारे जाकीट, लोकरी टोपी आणि हातमोजे आठवणीने ठेवले. या डोंगरावर वर्षाला लाखभर लोक येतात, आणि पानगळीतल्या सुट्टीच्या दिवशी गाडी लावायलाही जागा मिळत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम आठवड्याचा मधला दिवस धरला होता आणि गाडीची जागा आगाऊ राखून ठेवली होती.

दुसरा दिवस

सकाळी साडेसातला डोंगराच्या राज्य उद्यानाच्या मुख्य ठाण्यापासून चालायला सुरुवात केली. माथ्यावर जाणाऱ्या अनेक वाटांपैकी ‘व्हाइट डॉट’ ही सर्वांत वहिवाटीची वाट आहे. खडकांवर आणि खोडांवर रंगवलेले पांढरे ठिपके पाहत जायचे, म्हणून तिचे हे नाव. लांबी तीन किलोमीटरच्या आसपास आहे आणि तेवढ्यात साधारण साडेपाचशे मीटर चढायचे असते. आमचा बेत या वाटेने चढून ‘व्हाइट क्रॉस’ या दुसऱ्या, किंचित लांब पण थोड्या सौम्य वाटेने उतरण्याचा होता.

पहिला एक किलोमीटर रुंद आणि सोपा आहे. दोन्ही बाजूंना बीच, मेपल आणि यलो बर्च यांचे रान आहे, आणि वाट पानांनी इतकी झाकलेली होती की ती वाट आहे हे खोडांमधल्या मोकळ्या जागेवरूनच ओळखावे लागत होते. रात्री दव पडून गेले होते. पावलाखाली वरची पाने चुरचुरत होती, खालची मात्र ओली आणि गप्प होती. मी मेपलचे एक पान उचलून उन्हासमोर धरले. शिरांच्या लगतचा भाग अजून हिरवा होता, त्याच्या बाहेर पिवळा आणि कडेला गडद तांबडा. पानगळीत काय घडते ते या एका पानात क्रमाने मांडलेले होते. दिवस लहान होऊ लागले की झाड हरितद्रव्य नव्याने बनवणे थांबवते आणि असलेले मोडून त्यातले उपयोगी घटक खोडात परत घेते. तेव्हा उन्हाळाभर हिरव्याखाली दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. तांबडा रंग मात्र आधीपासून नसतो, तो मेपलसारखी काही झाडे याच दिवसांत पानात शिल्लक असलेल्या साखरेतून मुद्दाम तयार करतात. म्हणूनच दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गोठणबिंदूच्या थोडी वर राहणारी थंडी असे दिवस लागोपाठ मिळाले, की त्या वर्षी तांबडा रंग जास्त खुलतो. पानाच्या देठाशी पेशींचा एक थर तयार होऊन त्याचा झाडाशी संबंध तुटतो आणि मग साधी झुळूकही त्याला पुरते. आम्ही उभ्या होतो तेवढ्या वेळात आमच्याभोवती शंभरेक पाने तरी उतरली असतील, आणि त्यातले एकही सरळ खाली आले नाही.

फाल्कन स्प्रिंग नावाच्या झऱ्याजवळ दोन्ही वाटा वेगळ्या होतात. आम्ही उजवी धरली आणि लगेचच चढ अंगावर आला. इथून पुढे पायऱ्यांसारखे रचलेले धोंडे, मग मोठाल्या शिळा, मग उताराला पाठ देऊन पडलेले सलग कातळ अशी चढण आहे. काही टप्पे हात लावल्याशिवाय जमत नाहीत. वर्णनांमध्ये ही वाट सोपी म्हणून सांगितली जाते, पण ती लांबीला छोटी आहे, सोपी नाही, असे माझे मत झाले. एका तिरप्या कातळावर मी ओल्या पानावर पाय दिला आणि काही कळायच्या आत गुडघ्यावर आले. खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, परंतु त्यानंतर आम्ही प्रत्येक ठिकाणी बुटाने पान बाजूला सारून मगच पाऊल टाकले. कोरडा खडक इथे बुटाला उत्तम धरतो आणि ओले पान त्याच खडकाला निसरडे करून टाकते. पानगळीच्या चढाईतली एकच सूचना कोणाला द्यायची झाली तर मी हीच देईन.

कातळांचा उभा टप्पा संपल्यावर झाडे एकदम बुटकी झाली. स्प्रूस माझ्या खांद्याइतके, मग कमरेइतके, आणि ताई थांबली. ही कालची तुटक रेघ होती. खालून पाहताना ती सरळ आणि स्पष्ट दिसत होती. इथे पाहिले तर तिला काठ असा नव्हताच. कातळाच्या एखाद्या भेगेत साचलेल्या मूठभर मातीत एक स्प्रूस, मग दहा पावले नुसता खडक, मग पुन्हा एका खोलगटात तीन-चार झाडांचा पुंजका, असे ते चालले होते.

खरे तर ९६५ मीटर उंचीच्या डोंगराला या अक्षांशावर उघडा माथा असायला नको. याहून बरेच उंच असलेले डोंगर या राज्यात शेंड्यापर्यंत झाडीने झाकलेले आहेत. मोनॅडनॉकचा माथा माणसांनी उघडा केला. १८००च्या सुमारास चराऊ जमीन मोकळी करण्यासाठी तिथे वसलेल्या शेतकऱ्यांनी खालच्या उतारांना आग लावली आणि ती वर पसरत गेली. पुढे उन्मळून पडलेल्या झाडांचा जो गुंता राहिला त्यात लांडगे दडून बसतात अशी समजूत झाली, म्हणून १८१० ते १८२० या दशकात पुन्हा आग लावण्यात आली. ती आठवडेच्या आठवडे धुमसत राहिली, माथ्यावरची झाडे गेली, मुळे गेली, आणि मग मुळांचा आधार सुटलेली माती पावसाने धुऊन नेली. तेव्हापासून दोनशे वर्षे होऊन गेली. त्या दोनशे वर्षांत भेगाभेगांतून जी माती जमली, ती आमच्यासमोर मुठीमुठीने पडलेली होती. हे पाहिल्यावर मला पुढचे दृश्य पाहण्याची जी घाई होती ती ओसरली. ज्या दृश्यासाठी आम्ही आणि आमच्यासारखे लाखभर लोक दरवर्षी इथे येतात, ते एका मोठ्या नुकसानीतून निर्माण झाले आहे, आणि तो डोंगर ते नुकसान अतिशय सावकाश भरून काढत आहे.

ताईने मला एका भेगेशी वाकायला लावले. तिथे जमिनीला चिकटून एक रोपटे होते. त्याच्या प्रत्येक पानाला तीन पर्णिका आणि प्रत्येक पर्णिकेच्या टोकाला बरोबर तीन दाते. पाने चकचकीत आणि जाड होती, निम्मी हिरवी, निम्मी तांबूलासारखी लाल. इंग्रजीत याला ‘थ्री-टूथ्ड सिंकफॉइल’ म्हणतात. ही वनस्पती एरवी उत्तरेकडच्या थंड, वादळी जागी वाढते, आणि जळून उघड्या झालेल्या या खडकावरही तिने आपले बस्तान बसवले आहे. बाजूलाच रानटी ब्लूबेरीची बुटकी झुडपे होती आणि ऑक्टोबरात ती इतकी लाल होतात की दुरून खडकाला रंग दिल्यासारखी दिसतात. दुर्दैवाने त्याच पट्ट्यात पाऊलवाटांचे फाटे फुटलेले होते. गर्दीच्या दिवशी समोरच्याला ओलांडून जाण्यासाठी लोक खडक सोडून या झुडपांवर पाय देतात, आणि बोटभर जाडीची माती एकदा बुटाखाली सुटली की पुढच्या पावसात जाते. आम्ही चढताना आणि उतरताना काटेकोरपणे नागड्या खडकावरूनच चाललो, समोरून कोणी आले तर खडकावरच थांबून वाट दिली. इथे येणाऱ्या प्रत्येकाने एवढे करावे, असे मला मनापासून वाटते. मातीच्या दोनशे वर्षांच्या कामापुढे अर्ध्या मिनिटाचे थांबणे काहीच नाही.

शेवटचा टप्पा सलग खडकाचा आहे. दोन्ही पांढऱ्या वाटा इथे पुन्हा एकत्र येतात. खुणेसाठी झाडच नसल्यामुळे ठिपके पायाखालच्या खडकावर आहेत आणि मध्ये मध्ये दगडांच्या उतरंडी रचलेल्या आहेत. धुके असताना इथे वाट चुकणे अवघड नाही, हे निरभ्र दिवशीही जाणवले. वारा आता वायव्येकडून सरळ अंगावर येत होता, आणि पायथ्याशी काढून ठेवलेले जाकीट, टोपी, हातमोजे सगळे एकेक करून चढवावे लागले. साडेदहाला आम्ही माथ्यावर होतो.

चारही बाजूंना दृष्टी अडेल असे काहीही नव्हते. सगळ्यात जवळ पायथ्याची तळी, त्यांच्याभोवती तांबडे-पिवळे रान, त्यात कुठे कुठे पांढऱ्या चर्चचा टोकदार मनोरा. पश्चिमेला व्हरमाँटच्या ग्रीन माउंटन्सची लांबच लांब निळी रांग. दक्षिण-आग्नेयेला मॅसॅच्युसेट्समधला वॉचुसेट, हाही एकटाच उभा. आग्नेयेला क्षितिजावर, सुमारे शंभर किलोमीटरवर, शिसपेन्सिलीने ओढलेल्या चार-पाच उभ्या रेघा दिसल्या. त्या बॉस्टनच्या गगनचुंबी इमारती होत्या. उत्तरेला, इतर डोंगरांच्या मागे, एक फिकट उंचवटा होता, आणि तो १,९१७ मीटर उंचीचा माउंट वॉशिंग्टन असावा असे नकाशा आणि होकायंत्र लावून आम्ही ठरवले. तो इथून सुमारे १७० किलोमीटरवर आहे.

एवढ्या लहान डोंगरावरून इतक्या लांबचे कसे दिसते, याचा हिशेब ताईने तिथेच करून दाखवला. पृथ्वीच्या गोलाईमुळे डोळ्यांसमोरचे क्षितिज किती दूर असेल हे उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असते. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला साधारण ३.५७ने गुणले की किलोमीटरमध्ये अंतर मिळते. ९६५चे वर्गमूळ ३१, म्हणजे क्षितिज सुमारे ११० किलोमीटर. समोरचा डोंगर १,९१७ मीटर उंच असेल, तर त्याच्या शेंड्याचे स्वतःचे क्षितिज आणखी दीडशेहून अधिक किलोमीटर असते, आणि दोन्ही मिळवले की १७० किलोमीटर सहज आवाक्यात येतात. अट एवढीच की हवा स्वच्छ असावी आणि मध्ये काही आडवे येऊ नये. उंची दुप्पट झाल्याने क्षितिज दुप्पट दूर जात नाही, ते दीडपटीहूनही कमी वाढते. त्यामुळे मोठ्या रांगेतल्या एखाद्या उंच शिखरावरून शेजारची शिखरेच पुढे येतात, आणि मैदानात एकटा उभा असलेला हा बुटका डोंगर मात्र आपले सगळे क्षितिज वापरू शकतो. न्यू इंग्लंड या अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या सहाही राज्यांचा काही ना काही भाग इथून दिसतो असे म्हणतात.

माथ्याच्या खडकाकडे पाहण्यात आम्ही दृश्याइतकाच वेळ घालवला, आणि मला तो खडक अधिक लक्षात राहिला. हा सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला चिखल आणि वाळू आहे. भूखंडांच्या टकरीत तो खोल दाबला गेला, तापला आणि त्याचे शिस्ट व क्वार्टझाइट हे कठीण खडक झाले. एका ठिकाणी त्याचे थर कापडाची घडी घातल्यासारखे आडवे दुमडलेले दिसतात. पृष्ठभागावर बोटाएवढे लांब पांढरट स्फटिक जागोजागी वर आलेले आहेत, कुठे एकटे, कुठे दोन-तीन एकमेकांना छेदून गेलेले. त्यांना इथे टर्की या कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्यावरून ‘टर्कीच्या पावलांचे ठसे’ म्हणतात आणि ते खरोखरच तसे दिसतात. आधी हे अँडालुसाइट या खनिजाचे स्फटिक होते. पुढे तापमान आणखी वाढल्यावर त्यांचे सिलिमनाइट झाले. दोन्ही खनिजांचे रासायनिक घटक तेच आहेत, बदलली ती आतली रचना, आणि बाहेरचा आकार मात्र जुन्याच स्फटिकाचा राहिला. ताईने हातमोजा काढून एका ठशावर तर्जनी टेकवली आणि बराच वेळ काही बोलली नाही. त्या स्फटिकांवरून आरपार गेलेले बारीक समांतर ओरखडे होते, वायव्येकडून आग्नेयेकडे. हिमयुगात जेव्हा हा सगळा प्रदेश, हा माथासुद्धा, बर्फाच्या थराखाली होता, तेव्हा सरकत्या बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी ते ओढलेले आहेत. आग लागली नसती तर हे सारे माती आणि मुळांखाली झाकलेले राहिले असते, हेही तितकेच खरे आहे, आणि या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा हे मला अजून नीट कळलेले नाही.

ओरखड्यांच्या शेजारी माणसांनी कोरलेली नावे आणि साले आहेत, कित्येक एकोणिसाव्या शतकातली. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८४४ ते १८६० या काळात चार वेळा इथे येऊन वनस्पतींच्या आणि खडकांच्या तपशीलवार नोंदी केल्या. आग विझून तेव्हा काही दशकेच झाली होती. आज झाडी कुठवर परत आली आहे हे जोखायला त्यांच्या नोंदींसारखा आधार दुसरा नाही.

बाराला उतरायला लागलो. व्हाइट क्रॉसची वाट सुरुवातीला मोकळ्या धारेवरून जाते, त्यामुळे दक्षिणेचे दृश्य बराच वेळ सोबत राहते. पुढे ती रानात शिरते. अडीचच्या सुमारास आम्ही पायथ्याशी होतो. ताईचे गुडघे दुखत होते आणि माझा खरचटलेला गुडघा आखडला होता, म्हणून उरलेला दिवस आम्ही कुठेही गेलो नाही.

तिसरा दिवस

ज्या डोंगरावर आपण उभे असतो तो आपल्याला दिसत नाही, म्हणून तिसरी सकाळ आम्ही पॅक मोनॅडनॉकसाठी राखली होती. ही पूर्वेला सुमारे १९ किलोमीटरवर असलेली २,२९० फूट उंचीची टेकडी आहे. तिच्यावरचे मिलर स्टेट पार्क १८९१ साली स्थापन झालेले असून ते या राज्यातले सर्वांत जुने राज्य उद्यान आहे. माथ्यापर्यंत डांबरी रस्ता जातो, पण आम्ही ‘वॅपॅक ट्रेल’ या १९२३ साली खुल्या झालेल्या, एकवीस मैल लांबीच्या पायवाटेचा शेवटाकडचा तुकडा धरून सुमारे दोन किलोमीटर चालून वर पोहोचलो. गुडघ्यांना तेवढेच मानवणार होते.

या टेकडीवर पानगळीच्या दिवसांत दक्षिणेकडे स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांची मोजणी चालते. आदल्या रात्री थंड हवेची लाट येऊन गेली होती आणि वारा वायव्येचा होता. असा वारा डोंगररांगेवर आदळून वर चढतो आणि पक्षी पंख न हलवता त्याच्यावर तरंगत जातात, म्हणून थंडीची लाट ओसरल्यानंतरचा दिवस मोजणीसाठी चांगला मानतात. दुर्बिणी घेऊन बसलेल्या चार-पाच जणांनी आम्हाला जागा करून दिली. तासाभरात शिक्र्याएवढे सतरा लहान पक्षी गेले. ‘शार्प-शिन्ड हॉक’ असे त्यांचे नाव मोजणाऱ्यांनी सांगितले. काही वेळा पंख फडफडवायचे, मग तरंगायचे, पुन्हा फडफडवायचे, अशी त्यांची चाल होती. एक पक्षी आमच्या डोळ्यांच्या पातळीवरून इतका जवळून गेला की त्याच्या शेपटीवरचे पट्टे मोजता आले.

पश्चिमेला मोनॅडनॉक सकाळच्या उन्हात पूर्ण उजळला होता. पूर्वेकडून तो परवापेक्षा अगदी वेगळा दिसत होता, उजवीकडची धार लांब पसरलेली आणि माथा रुंद. ताईने परवाच्या चित्राच्या शेजारच्या पानावर नवी बाह्यरेषा काढली. या वेळी हिरव्या आणि राखाडीच्या सीमेवर तिने रेघ ओढली नाही. पेन्सिल उभी धरून वेगवेगळ्या अंतरांवर बारीक ठिपके दिले, काही दाट, काही अगदी सुटे, आणि त्यातले दोन माथ्याच्या बरेच जवळ नेले. दहाच्या सुमारास उत्तरेकडून ढग आले, मोनॅडनॉकचा माथा त्यांत गेला, आणि आम्ही उतरायला सुरुवात केली.